समुद्रकाठच्या विद्यापीठात शिकायला जाणारी गावाकडची मुलं : इकडून काय काय सांभाळायचं?

पैनगंगाकाठ

व्हिसा, एजंट, प्रवेश यांवर आधीच भरपूर बोलून झालंय. हा धागा त्याच्या पुढच्या गोष्टींसाठी. वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठात जाणारी मुलं डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. तिथले दोन्ही कॅम्पस, सिंगलटन आणि २०१५ साली सुरू झालेला बे, खाडीच्या काठालाच आहेत. पण ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही विद्यापीठाला यातलं बहुतेक लागू पडेल.

आईवडिलांनी सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. तिकडचं विद्यापीठ घरी फोन करत नाही. आपल्याकडे हजेरी कमी भरली की प्राचार्य पालकांना बोलावून घेतात. तिकडे अठरा वर्षांवरचा विद्यार्थी म्हणजे स्वतंत्र माणूस. वर्गात येत नाही, विषय राहिले, डॉक्टरकडे जातोय, यातलं काहीही त्याच्या संमतीशिवाय पालकांना सांगत नाहीत. फी तुम्ही भरलेली असली तरी नाही. जिवावर बेतलं तरच आपत्कालीन संपर्काला फोन जातो. आणि नेमका तोच रकाना मुलं नावनोंदणीच्या वेळी घाईत रूममेटचा नंबर टाकून मोकळी होतात. तिथे घरचा नंबर हवा, +९१ लावून. ज्याला इंग्रजीत चार वाक्यं बोलता येतात आणि ज्याच्याकडे रात्री रेंज असते, अशा माणसाचा. मग तो चुलतभाऊ असो की शाळेतले सर.

उलट बाजूनं मात्र दार उघडं असतं. काळजी वाटली तर पालक विद्यार्थी-साहाय्य विभागाला ईमेल करू शकतात. ते तुम्हाला माहिती देणार नाहीत, पण तुमचं ऐकून घेतात आणि मुलाची चौकशी करतात. त्यासाठी पासपोर्टवरचं नाव, विद्यार्थी क्रमांक, कोर्स, खोलीचा पूर्ण पत्ता आणि एका मित्राचा नंबर एवढं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. मोबाइलमध्ये नको, मोबाइल बंद पडतो.

परिचारिका_पुसद

भाऊ, तब्येतीचं मी लिहिते.

व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्याचे पैसे, भरलेला असतो, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या एम.एस्सी.चा व्हिसा वर्षापेक्षा काही महिने जास्त मिळतो, म्हणून तिथे साधारण ११६४ पौंड होतात. एवढे पैसे भरूनही पुष्कळ मुलं डॉक्टरकडे नाव नोंदवतच नाहीत. नोंदणी आपोआप होत नाही. राहत्या पत्त्याजवळच्या जीपीकडे, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरकडे, फॉर्म भरावा लागतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत. हे काम पहिल्या आठवड्यातच उरकायचं. ताप भरल्यावर नोंदणीला गेलं तर त्या अवस्थेत फॉर्म भरत बसावं लागतं.

वेल्समध्ये डॉक्टरनं लिहून दिलेली औषधं फुकट मिळतात, इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे पैसे मोजावे लागतात. घसा, खाज, पोट बिघडणं असल्या किरकोळ तक्रारींसाठी वेल्सच्या औषध दुकानातला फार्मासिस्टच तपासून फुकट औषध देतो. अँटिबायोटिक मात्र नुसतं मागून मिळणार नाही. आपल्याकडे मेडिकलवाल्याला सांगून पाच गोळ्या आणायची सवय असते, तिकडे ती चालत नाही. नेहमीची औषधं असतील तर तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी पत्रासह न्या. दातांचं सगळं काम यवतमाळ-अमरावतीलाच करून घ्या, तिकडे सरकारी दरातला दंतवैद्य मिळणं फार कठीण आहे. चष्मा असेल तर दोन.

लसी : एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस झाल्याची नोंद बघा. मेंदूज्वराची मेन-ए-सी-डब्ल्यू-वाय ही लस पहिल्यांदा विद्यापीठात येणाऱ्यांना पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत जीपीकडे फुकट असते. वसतिगृहात दाटीनं राहणाऱ्या मुलांत हा आजार पसरतो आणि काही तासांत वाढतो. ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं आणि अंगावर पुरळ. त्यावर काचेचा पेला दाबून बघायचा. दाबूनही पुरळ फिकं पडलं नाही तर थेट ९९९, म्हणजे तिकडचा आपत्कालीन नंबर. आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीच्या आतली बाजू बघायची. पुरळ उठायची वाट बघत बसू नये, ते शेवटी येतं, कधी येतही नाही.

पळसफूल

ताई, थंडीचं काय? इथे सगळे स्वेटरांबद्दलच बोलतात.

परिचारिका_पुसद

थंडी कपड्यांनी भागते. स्वान्सीत हिवाळ्यात पारा बहुधा ३ ते ८ अंशांत असतो, आपल्याकडे डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे असतो तसा. मुलांना खचवतो तो अंधार. आपला वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा असतो. तिकडे २१ डिसेंबरला सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तोही बहुतेक वेळा ढगाआडच. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनला तर साडेतीनच्या आतच.

उन्हात वाढलेल्या मुलाला पहिल्या हिवाळ्यात काय होतं? झोप वाढते, उठवत नाही, गोड खावंसं वाटतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. घरचे म्हणतात आळशी झाला. तो आळस नसतो. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला नाही की शरीराचं घड्याळ मागे सरकतं. दुपारी बाराच्या आसपास अर्धा तास बाहेर चालणं, पाऊस असला तरी, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. स्वान्सीच्या खाडीकाठानं मम्बल्सपर्यंत साधारण आठ किलोमीटरची सपाट वाट आहे, त्यातला एक तुकडा रोज चालावा. छत्री नेऊ नका, समुद्रावरचा वारा ती उलटी करतो. टोपी जोडलेला पक्का रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट घ्या, आणि तेही तिकडेच घ्या.

ड जीवनसत्त्व : ब्रिटनमध्ये सगळ्यांनाच ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्यायला सांगतात. सावळ्या कातडीच्या माणसांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा असाही तिथला सल्ला आहे. इथे घोळ होतो तो असा. आपल्याकडे डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. मुलं त्या पुड्या सोबत नेतात आणि ‘तिकडे रोज घ्यायचं असतं’ असं ऐकून रोज फोडतात. तसं अजिबात करू नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. रोजची गोळी तिकडच्या दुकानात स्वस्त मिळते. शाकाहारी असाल तर बी-१२ इथेच तपासून जा.

बेंबळा

समुद्राचं मी सांगतो. आपल्या पोट्ट्यांना वाटते का आपल्याले पोहता येते. विहिरीत सूर मारला, धरणात पोहलो, मंग समुद्र काय मोठा? तिथंच फसगत हाय.

पहिली गोष्ट पान्याची थंडी. तिकडचं पानी मार्चात ८ अंशांच्या आसपास आन् भर उन्हाळ्यातबी १७च्या आसपास. १५च्या खालच्या पान्यात एकदम पडलं का छाती आपोआप जोरानं हवा ओढते, ते थांबवता येत नाई. त्या टायमाले तोंड पान्याखाली असलं तर पानी फुप्फुसात जाते. चांगला पोहणाराबी पहिल्या मिनिटातच बुडते तो यानंच. हा झटका साठ ते नव्वद सेकंदात ओसरते. तवरोक पोहाचं नाई, हातपाय झाडाचे नाई. पाठीवर व्हा, डोकं मांगं टाका, कान पान्यात जाऊ द्या, हात हळूहळू हलवा आन् श्वास ताब्यात येऊ द्या. मंग ओरडा नाईतर काठाकडं या. हे जायच्या आधी गावच्या विहिरीत, दोर बांधून, कोनाले तरी संगं घेऊन दहा वेळा करून पाहा. पाठीवर तरंगनं आपल्याकडं कोनी शिकवतच नाई.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. स्वान्सीची खाडी ज्या ब्रिस्टल चॅनलले लागून हाय, तिथली भरती-ओहोटी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. मोठ्या भरतीले स्वान्सीत पानी आठ-नऊ मीटर चढते, मंजे दोन-तीन मजली घराएवढं. ओहोटीले पानी दूर जाते, मंग पोट्टे चिखलात फोटो काढाले जातात. पानी परत येतानी सरळ समोरून येत नाई, आधी मांगच्या खोलगट नाल्यांत भरते. समोर पाहाल तं सारं कोरडं, मांगं वाट बंद.

तिथून जवळच गॉवर द्वीपकल्पाच्या टोकाले वर्म्स हेड नावाचं बेट हाय. ओहोटीच्या अडीच तास आधीपासून अडीच तास नंतरपर्यंतच खडकातून वाट खुली असते. वेळ काठावरच्या फलकावर लिहून असते, ते वाचल्याबिगर उतराचं नाई. अन् अडकलाच तर पान्यात उतराचं नाई. बेटावरच थांबाचं, ९९९ लावाचं, ‘कोस्टगार्ड’ मनून सांगाचं. पोलीस नाई, ॲम्ब्युलन्स नाई, कोस्टगार्ड. याच्यात लाज कायची?

बेंबळा

रायलंच. जीवरक्षक असले तर लाल-पिवळे दोन झेंडे लागलेले असतात, त्या दोघांच्या मधातच पानी. नुसता लाल झेंडा मंजे कोनीच उतराचं नाई. हिवाळ्यात बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतेच. आत ओढनाऱ्या प्रवाहात सापडलं तर काठाकडं जोर लावू नका, दम जाते. काठाले समांतर पोहून प्रवाहाच्या बाजूले व्हा. पाय टेकत असन तं चालत या.

सातबारा

माझ्या मते मन बिघडायचं सर्वांत मोठं कारण पैसा असतो, आणि त्याबद्दल घरात मोकळं बोलणं होत नाही.

शेतजमिनीवर बँका परदेशी शिक्षणाचं कर्ज सहसा देत नाहीत. कारण साधं आहे : थकलेल्या कर्जाची वसुली ज्या सरफेसी कायद्यानं होते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. घर, एनए प्लॉट किंवा मुदतठेव लागते. ते नसलं की उरलेले चार-पाच लाख नातेवाइकांकडून, नाहीतर सावकाराकडून उचलले जातात. मुलाला आकडा सांगत नाहीत, ‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणतात. त्याला अंदाज असतोच, आणि नेमकी रक्कम माहीत नसल्यानं तो मनात दुप्पट धरतो. विमानात बसायच्या आधी एका कागदावर सगळं मांडा : बँकेचं किती, व्याज किती, हप्ता कधीपासून, हातउसने किती. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं हेही सांगा.

दुसरं, तारखा. तिकडचे फी आणि भाड्याचे हप्ते आपल्या हंगामाशी जुळत नाहीत. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास, कापसाचा वेचणीप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी, तूर त्याच्याही नंतर. भाव पडला म्हणून कापूस घरात ठेवला आणि तिकडे हप्ता चुकला, हे व्हायला नको. हप्ता चुकायच्या आधी विद्यापीठाच्या वित्त विभागाला लिहिलं तर मुदत मिळण्याची शक्यता असते. चुकल्यावर खातं अडतं, आणि फार ताणलं तर प्रवेशच रद्द होऊन व्हिसावर येतं.

तिसरं, काम. पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासच. आठवडा सोमवार ते रविवार धरतात, आणि दोन ठिकाणचे तास मिळून २०. एम.एस्सी.वाल्यांची उन्हाळी सुट्टी ही सुट्टी नसते, प्रबंध सुरू असतो, म्हणून तेव्हाही २०च. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांना किमान दर एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पौंड आहे. म्हणजे पूर्ण २० तास मिळाले तरी आठवड्याला सुमारे २५४ पौंड. त्यात भाडं आणि जेवण निघेल, फी निघणार नाही. आणि काम मिळायलाच दोन-तीन महिने लागू शकतात. दुसऱ्याच्या नावावरचं डिलिव्हरी ॲप भाड्यानं घेऊन चालवणं बेकायदेशीर आहे. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगारच चालत नाही.

आणखी एक, हे घरच्यांनीही वाचावं. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, थोडे तुला ठेव’ असं कुणी म्हटलं तर तो काळा पैसा फिरवण्याचा प्रकार असतो. खातं बंद होतं, सहा वर्षं नवं खातं मिळणं मुश्कील होतं आणि कायद्यात १४ वर्षांपर्यंत कैद आहे. अडचणीतल्या मुलालाच हे लोक गाठतात. अडचण असेल तर विद्यापीठाच्या हार्डशिप फंडाकडे, म्हणजे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या मदतनिधीकडे, अर्ज करा. मिळेलच असं नाही, पण विचारायला कमीपणा वाटू देऊ नका.

पळसफूल

भाऊ, कागदावर आकडे मांडले तर पोरगा दडपणात येणार नाही का? आधीच घर सोडून चाललाय.

सातबारा

येईल. पण ते दडपण मोजता येतं, त्यावर बोलता येतं. न सांगितलेल्या कर्जाच्या दडपणाखाली मुलं जेवण तोडतात. दिवसातून एकदा नूडल्स खाऊन ‘जेवलो’ म्हणून सांगतात.

पैनगंगाकाठ

याच्याच जोडीला गुणांचं. ब्रिटनमध्ये पदव्युत्तरला ५० ला पास, ६० म्हणजे मेरिट आणि ७० म्हणजे डिस्टिंक्शन. पदवीला ४० ला पास. आपल्याकडे ८५ टक्के पाडणाऱ्या मुलीला पहिल्या निबंधात ५८ मिळतात आणि घरी कळलं की सगळे गप्प होतात. ५८ वाईट नाहीत. हे आजीआजोबांनाही समजावून ठेवा, कारण फोनवर विचारतात तेच.

नोट्समधलं जसंच्या तसं उतरवणं आपल्याकडे अभ्यास मानतात, तिकडे ते वाङ्मयचौर्य ठरतं आणि चौकशी लागते. आजारपण किंवा घरात मृत्यू झाला तर सबमिशनची तारीख जायच्या आधी ‘एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस’चा फॉर्म भरायचा असतो. घरचं वाईट वर्तमान ‘त्याचा पेपर आहे’ म्हणून दडवू नका. कळवलं तर मुदत मिळू शकते. नंतर कळलं तर अभ्यासही जातो आणि विश्वासही.

परिचारिका_पुसद

मनाचं राहिलं होतं.

लक्षणं फोनवरच ओळखू येतात. व्हिडिओ कॉल टाळून फक्त मेसेज. कॅमेरा सुरू केला तर खोलीत अंधार. तिकडच्या पहाटे चारला ऑनलाइन. आवडीच्या विषयावरही ‘हो, ठीक’. असं दोन आठवडे चाललं तर ‘काय झालं, सांग’ असं खोदू नका. ‘डॉक्टरकडे नाव नोंदवलंस का? कुठे आहे दवाखाना?’ असं विचारा, उत्तर द्यायला सोपं जातं.

तिथे मदत अशी मिळते : विद्यापीठाचं समुपदेशन आणि जीपी हे नेहमीचे मार्ग. मन फारच ढासळलं तर १११ लावून २ दाबायचं, तिथे मानसिक आरोग्याची माणसं बोलतात, रात्रीसुद्धा. नुसतं कुणीतरी ऐकावं असं वाटलं तर समॅरिटन्सचा ११६ १२३, फुकट, चोवीस तास. जिवाला धोका असेल तर ९९९. समुपदेशन घेतल्यानं किंवा नैराश्याची गोळी घेतल्यानं व्हिसा जात नाही. ही भीती फार मुलांच्या मनात असते आणि त्यापायी ती गप्प राहतात. व्हिसाला धोका असतो तो न कळवता गैरहजर राहण्यानं, कारण विद्यापीठाला गृहखात्याला कळवावंच लागतं. शिक्षणात खंड घ्यायचा झाला आणि तो ६० दिवसांवर जाणार असेल तर बहुधा परत यावं लागतं, म्हणून तो निर्णय आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागाराशी बोलूनच घ्यावा.

आणि इथल्या आईबापांसाठी : टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात, फुकट आहे. पोर सातासमुद्रापार गेल्यावर घरात बसलेल्या आईलाही झोप लागत नाही, तिनंही हा फोन करावा.

पळसफूल

खोलीचं थोडक्यात सांगते. वेल्समध्ये घरमालकाची ‘रेंट स्मार्ट वेल्स’कडे नोंद लागते, ती ऑनलाइन बघता येते. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत लेखी करार आणि भरल्यापासून ३० दिवसांत अनामत रक्कम संरक्षित योजनेत गेल्याची पावती मिळायला हवी. खोली न बघता पैसे पाठवू नका, पहिलं वर्ष वसतिगृहच बरं. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) माफ असतो, एक जरी नोकरदार राहत असेल तर बिल येऊ शकतं.

किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत बुरशी हा मोठा त्रास. बंद खोलीत श्वासाची, शिजवण्याची, ओल्या कपड्यांची वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते. खिडकीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे आधी मोहरीएवढे काळे ठिपके दिसतात, आठवडाभरात ते एकमेकांत मिसळतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, सकाळी काचेवरचं पाणी फडक्यानं पुसा, भाताला झाकण ठेवा, शिजवून झाल्यावर दहा मिनिटं खिडकी उघडा. रेडिएटरवर कपडे वाळत घालू नका. तरीही आली तर फोटोसकट ईमेलनं कळवा, तोंडी सांगितलेलं मोजत नाहीत.

भिवापुरी मिरचीची फोडणी घातली की वसतिगृहाचा अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत खाली उतरते. एक्झॉस्ट लावा, तेल कमी तापवा, पण सेन्सरवर पिशवी बांधू नका, आग लागली तर कळणार नाही, शिवाय दंड होतो. कुकर नेणार असाल तर इंडक्शनचा बूड असलेला न्या, साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. पेढे, खवा, तूप सोबत देऊ नका, दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. जवसाची, तिळाची, कऱ्हाळ्याची चटणी कोरडी करून द्या.

वावरातून

सगळं वाचलं. एक शंका. फोन नेमका कधी करायचा? आमच्याकडे हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन असते, घरात माणूस नसतो.

पैनगंगाकाठ

काकाजी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं. त्याआधी फरक साडेचार तासांचा, नंतर साडेपाच. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेचार. आपल्या रात्री नऊला हिवाळ्यात तिकडे दुपारचे साडेतीन, तेव्हा तो वर्गात नाहीतर कामावर. तो खोलीवर एकटा असतो संध्याकाळी सात-आठला, बाहेर अंधार पडून तीन-चार तास झालेले असतात. तेव्हा आपल्याकडे साडेबारा-दीड, म्हणजे तुम्ही मोटर सुरू करून धुऱ्यावर बसलेले असता तीच वेळ. ओलिताच्या दिवसांत तिथूनच लावा. रविवारी आईसाठी आपली दुपारची दोनची वेळ ठेवा, त्याच्याकडे सकाळचे साडेआठ असतात, नुकतं उजाडलेलं असतं. दिवसाआड दहा मिनिटं पुरेत, वेळ मात्र ठरलेली ठेवा. आणि वावरात रेंज कुठे येते ते आताच बघून ठेवा.

वावरातून

विहिरीच्या काठावर येते.